शितावरून भात कळत नाही तेव्हा : औषध हृदयाला झेपेल का, हे लॅपटॉपवर तपासायची पहिली वाट

१९९० साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत छापून आली. ॲलर्जीच्या त्रासासाठी ती टर्फेनाडिन घेत होती. गोळी साधी, झोप न आणणारी म्हणून लोकप्रिय. त्याच दिवसांत बुरशीच्या संसर्गासाठी केटोकोनाझोल सुरू झालं आणि तिला भोवळ येऊ लागली. ईसीजीवर दिसला तो पिळवटलेला, जीवघेणा ताल, ज्याला डॉक्टर ‘टोर्साद द प्वांत’ म्हणतात. दोन्ही औषधं नेमून दिलेल्या मात्रेतच होती. १९९८ पर्यंत टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आज दुकानात मिळणारं फेक्सोफेनाडिन हे त्याच टर्फेनाडिनचं यकृतात होणारं रूप आहे, आणि ते हृदयाला असा त्रास देत नाही.

सिस्टीम्स बायोलॉजी म्हणजे काय, असं नवीन विद्यार्थी विचारतात तेव्हा मी व्याख्या सांगत बसत नाही, ही गोष्ट सांगते. इथे दोष एका रेणूचा नव्हता. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) बंद पडलं, म्हणून रक्तातलं औषध वाढलं. ते वाढलं म्हणून हृदयपेशीतली एक वाहिनी (पेशीच्या आवरणातलं क्षारांच्या ये-जा करण्याचं दार) तुंबली, आणि ती तुंबली म्हणून सगळ्या हृदयाचा ताल गेला. प्रत्येक दुवा वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या माणसाने तपासला तर प्रत्येकजण म्हणेल, ‘आमच्याकडे काही विशेष नाही.’

सिस्टीम्स बायोलॉजी हे दुवे गणिताने जोडून पाहते. ते कसं करायचं, याची पहिली वाट पुढे देते. विषय मुद्दाम हृदयापुरता ठेवला आहे, कारण औषधांच्या सुरक्षिततेच्या अंदाजात मॉडेलं सर्वांत पुढे गेली ती इथेच. लागणारं सामान : साधा लॅपटॉप, पायथनची तोंडओळख, एक शनिवार-रविवार आणि आकडे दोनदा तपासायची सवय.

पायरी १ : आधी दोन औषधं निवडा, मग प्रश्न

‘हे औषध सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला मॉडेल उत्तर देत नाही. प्रश्न तुलनेचा हवा. सुरुवातीला डोफेटिलाइड आणि वेरापामिल घ्या. दोन्ही हृदयाचीच औषधं. दोन्ही ‘हर्ग’ नावाची पोटॅशियम वाहिनी अडवतात. पण डोफेटिलाइड टोर्सादसाठी इतकं बदनाम आहे की ते रुग्णाला ईसीजीच्या देखरेखीखाली सुरू करतात, आणि वेरापामिल मात्र दशकानुदशकं दिलं जातं, या बाबतीत त्याच्याविरुद्ध फारशी तक्रार नाही. असं का, हा आपला प्रश्न.

हर्गबद्दल दोन वाक्यं. हृदयपेशीत आधी सोडियम आत घुसतं, मग कॅल्शियम आत येऊन विद्युतदाब काही काळ वर धरून ठेवतं, आणि शेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होते. हे शेवटचं काम मुख्यतः हर्गचं. ती तुंबली की पेशी सावरायला उशीर होतो आणि ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोक्याच्या विद्युत सुरुवातीपासून पेशी पूर्ववत होईपर्यंतचा काळ) लांबतं. हे नाव आलं फळमाशीवरून : एका जनुकात बिघाड असलेल्या माश्यांना ईथर दिला की त्यांचे पाय थरथरत, जणू गो-गो नाच. त्या माशीच्या जनुकाचा हा मानवी नातलग. या वाहिनीची आतली पोकळी ऐसपैस आहे, त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली औषधं तिथे जाऊन बसतात. ॲलर्जीची, उलटीची, मानसोपचाराची, प्रतिजैविकंसुद्धा.

२००५ साली आंतरराष्ट्रीय नियमावलीत हर्गची चाचणी आणि माणसांवरचा क्यूटीचा अभ्यास आला. त्यानंतर बाजारात आल्यावर टोर्सादमुळे मागे घ्यावी लागणारी औषधं जवळपास थांबली. पण त्याची किंमतही पडली. हर्गला जरा चिकटतो म्हणून चांगला रेणूही कचऱ्यात जाऊ लागला. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण त्यासाठी भात सगळीकडे सारखा शिजलेला असावा लागतो. हृदयपेशीत तसं नसतं.

पायरी २ : पेशी उतरवून घ्या

पेशीचं मॉडेल स्वतः लिहू नका. डेनिस नोबल यांनी १९६० साली पहिलं हृदयपेशीचं मॉडेल केलं तेव्हा त्यांना लंडन विद्यापीठाच्या मर्क्युरी संगणकावर रात्री दोन ते चार ही वेळ मिळायची. तुमची अडचण तेवढी मोठी नाही. फिजिओम मॉडेल रिपॉझिटरीत शेकडो मॉडेलं सेलएमएल या स्वरूपात फुकट ठेवलेली आहेत. तिथून ‘ओ’हारा-रूडी २०११’ घ्या. हे मॉडेल शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांतून मिळालेल्या मोजमापांवर बेतलेलं आहे, म्हणून या क्षेत्राची सगळी मंडळी त्याच्याशी परिचित असतात. शक्य असेल तर त्याची २०१७ ची सुधारित आवृत्ती वापरा. ‘सिपा’ नावाच्या, औषधांमुळे ताल बिघडण्याचा धोका जोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमासाठी त्यातल्या वाहिन्यांचं बळ नव्याने जुळवलेलं आहे. हा फरक का महत्त्वाचा, ते सहाव्या पायरीत कळेल.

चालवायला मायोकिट हे पायथनमधलं साधन सोपं पडतं. माउसने काम करायची सवय असलेल्यांना ओपनकॉर आवडेल.

पहिल्या दिवशी औषध घालूच नका. पेशीला सेकंदाला एक असे ठोके द्या आणि विद्युतदाबाचा आलेख पाहा : सुळकन वर, थोडं पठार, मग उतार. दाब नव्वद टक्के खाली यायला लागणारा वेळ म्हणजे एपीडी-९०. ओ’हारा-रूडी मॉडेलच्या आतल्या थरातल्या पेशीत तो या गतीला पावणेतीनशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. तुमचा आकडा दीडशे किंवा पाचशे आला, तर औषधाला दोष देण्याआधी एकक आणि ठोक्याची गती तपासा.

पायरी ३ : आकडे गोळा करा (खरी मेहनत इथे)

प्रत्येक औषधासाठी दोन प्रकारचे आकडे हवेत. पहिला आयसी-५०, म्हणजे औषधाची मात्रा (इथे द्रवातलं प्रमाण) किती झाली की ती वाहिनी निम्मी अडते. दुसरा, उपचाराच्या डोसला रक्तात औषध जास्तीत जास्त किती असतं, त्याला सीमॅक्स म्हणतात.

आयसी-५० साठी चेंबल हा डेटासंच उघडा. हर्गचा तिथला क्रमांक चेंबल-२४०. एका औषधासाठी एकच आकडा मिळेल अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. दहा प्रयोगशाळांचे दहा आकडे असतात आणि त्यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. कुणी खोलीच्या तापमानाला मोजलेलं असतं, कुणी ३७ अंशांना. कुणी सस्तन प्राण्याच्या पेशीत, कुणी बेडकाच्या अंडपेशीत. बेडकाच्या अंडपेशीतले आकडे बाजूला ठेवा. तिच्या पिवळ्या बलकात औषध शोषलं जातं आणि आयसी-५० खोटाच मोठा दिसतो. उरलेल्यांतून स्वतःला सोयीचा आकडा उचलू नका, सगळे लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

सीमॅक्समध्ये नवशिक्यांचा घात होतो. माझाही झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत एका औषधाचा अहवाल मी मोठ्या उत्साहाने मांडला : ‘हर्ग जवळजवळ पूर्ण बंद!’ समोरच्या ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, ‘यातलं मोकळं किती गं?’ मी रक्तातलं एकूण औषध घेतलं होतं. पण औषधाचा मोठा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, आणि वाहिनीपर्यंत पोचतो तो फक्त मोकळा भाग.

उदाहरण म्हणून हिशेब करू. समजा, एका अहवालात वेरापामिलचा एकूण सीमॅक्स मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम दिला आहे. वेरापामिलचा रेणुभार सुमारे ४५४.६. तर ३०० ÷ ४५४.६ × १००० = साधारण ६६० नॅनोमोलर. हे औषध सुमारे ९० टक्के प्रथिनांना चिकटतं, म्हणजे मोकळं उरलं ६६ नॅनोमोलर. एका शून्याचा फरक, आणि निष्कर्ष उलटा.

पायरी ४ : अडथळा काढा

सूत्र शाळेतलंच वाटावं इतकं सोपं आहे :

अडथळा = मात्रा ÷ (मात्रा + आयसी-५०)

प्रसिद्ध अभ्यासांत वारंवार वापरले गेलेले आकडे घेऊ. डोफेटिलाइडची मोकळी मात्रा सुमारे २ नॅनोमोलर, हर्गसाठी आयसी-५० सुमारे ५. अडथळा २ ÷ ७, म्हणजे २९ टक्के. वेरापामिलची मोकळी मात्रा वरच्या टोकाला सुमारे ८१, हर्गसाठी आयसी-५० सुमारे १४३. अडथळा ३६ टक्के.

इथे थांबा आणि हे दोन आकडे पुन्हा वाचा. फक्त हर्ग पाहणाऱ्याच्या हिशेबात वेरापामिल हे डोफेटिलाइडपेक्षा वाईट ठरतं! दवाखान्यातला अनुभव नेमका उलट आहे.

आता कॅल्शियम वाहिनी. वेरापामिलचा तिथला आयसी-५० सुमारे १००, म्हणजे अडथळा ४५ टक्के. डोफेटिलाइडचा तिथे जवळजवळ शून्य. एका हाताने पोटॅशियमचं बाहेर जाणं रोखायचं आणि दुसऱ्या हाताने कॅल्शियमचं आत येणं, असा वेरापामिलचा कारभार आहे. तराजूची दोन्ही पारडी हलकी झाली की काटा फारसा हलत नाही. असा हिशेब किमान हर्ग, कॅल्शियम आणि उशिरा वाहणारा सोडियम प्रवाह या तिघांसाठी करा.

मॉडेलमध्ये हे घालायला त्या वाहिनीच्या वाहकतेला (१ − अडथळा) ने गुणायचं, बस. पुढे सरावल्यावर कळेल की काही औषधं वाहिनी मिटली तरी आतच अडकून राहतात (डोफेटिलाइड त्यांतलंच), आणि त्यांच्यासाठी हे सरळ सूत्र अपुरं पडतं. सिपाच्या मॉडेलमध्ये त्याची सोय आहे. पहिल्या आठवड्यात त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५ : हजार ठोके

औषध घातल्यावर दहा-वीस ठोक्यांत आलेख स्थिर दिसू लागतो आणि माणूस खूश होऊन चित्र जतन करतो. फसू नका. पेशीतलं सोडियम आणि कॅल्शियम अजून हळूहळू सरकत असतं. निदान हजार ठोके चालवा आणि शेवटचा मोजा. सिपात ठोक्यांमधलं अंतर २००० मिलिसेकंद धरतात, म्हणजे मिनिटाला फक्त तीस ठोके, कारण हर्गच्या अडथळ्याचा धोका संथ तालात उघडा पडतो. मात्राही एकच नको. मोकळ्या सीमॅक्सच्या एक, दोन, तीन आणि चार पटींवर चालवा.

पायरी ६ : काय मोजायचं?

सगळे आधी एपीडी-९० मोजतात. मोजा, पण त्यावर निकाल देऊ नका. मूळ २०११ च्या मॉडेलमध्ये वेरापामिलनेही पठार लांबलेलं दिसेल, कारण त्यात कॅल्शियम अडवल्याचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी उमटतो. म्हणूनच तर २०१७ ची जुळवणी करावी लागली. शिवाय लांबी म्हणजे धोका, हे समीकरणच कच्चं आहे. छातीतल्या दुखण्यावरचं रॅनोलाझिन क्यूटी लांबवतं, तरी टोर्सादच्या बाबतीत त्याची गणना कमी धोक्यात होते. उशिराचा सोडियम प्रवाह अडवून ते स्वतःच्या हर्गवरच्या करणीची भरपाई करतं.

खरी भीती लांबीची नसून, उतारावर असताना पेशी मध्येच पुन्हा वर उसळण्याची आहे. लांबलेल्या पठारात कॅल्शियम वाहिन्यांना पुन्हा उघडायला सवड मिळते आणि ही उसळी येते. म्हणून सिपाने ‘क्यूनेट’ नावाचं मोजमाप काढलं. एका ठोक्यात सहा मुख्य प्रवाहांनी मिळून निव्वळ किती विद्युतभार वाहिला, त्याची बेरीज. क्यूनेट जास्त, तर पेशीला पूर्ववत व्हायला बळ जास्त. हर्ग अडली की तो घटतो, कॅल्शियम किंवा उशिराचा सोडियम अडला की वाढतो. दोन्ही औषधांचे एक ते चार पटींचे क्यूनेट एकाच आलेखावर काढा. डोफेटिलाइडची रेघ खाली जाईल, वेरापामिलची वर टिकेल. पहिल्या पायरीतल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर असेल.

अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने हीच जोडी माणसांतही पाहिली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ निरोगी स्वयंसेवकांना डोफेटिलाइड, क्विनिडिन, रॅनोलाझिन आणि वेरापामिल आळीपाळीने देऊन ईसीजी काढले. त्या कच्च्या नोंदी खुल्या आहेत. हात बसला की जरूर उघडा.

पायरी ७ : पेशीभोवतीचा माणूस

आतापर्यंतची पेशी म्हणजे सरासरी. सरासरी माणसाला टोर्साद होत नाही, होतो तो कडेच्या माणसाला. म्हणून वाहिन्यांचं बळ थोडं थोडं बदलून हजारभर निरनिराळ्या पेशी तयार करा आणि प्रत्येकीवर औषध चालवा. तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेले आयसी-५० चे विखुरलेले आकडे आता बाहेर काढा. त्यांच्या टोकांवरही चालवून पाहा. उत्तर एका आकड्यात न येता पट्ट्यात येईल. आलेला पट्टा लपवू नका. ‘सुरक्षित’ आणि ‘धोकादायक’ या दोन्हींत तो पसरला असेल, तर तसंच लिहा.

मग रक्तातलं पोटॅशियम. मॉडेलमध्ये बाहेरचं पोटॅशियम ५.४ मिलिमोलर असतं, ते ३.५ वर आणा. पाठ्यपुस्तकी तर्क सांगतो की बाहेर पोटॅशियम कमी झालं तर आतलं अधिक जोरात बाहेर पडेल. हर्गमध्ये उलट होतं, बाहेरचं पोटॅशियम घटलं की तिचा प्रवाहच घटतो. जुलाब-उलट्या झालेला किंवा लघवी वाढवणारी औषधं घेणारा रुग्ण धोक्याच्या जवळ असतो तो यामुळे. स्त्रियांमध्ये मुळात क्यूटी जरा लांब असतं आणि टोर्सादच्या नोंदींत त्यांचंच प्रमाण अधिक. ‘सरासरी पेशी’वर समाधान मानण्यातला तो दुसरा धोका.

शेवटी यकृत जोडा, म्हणजे टर्फेनाडिनची गोष्ट पुरी होते. निरोगी माणसाने टर्फेनाडिन गिळलं की सीवायपी-३ए४ हे विकर त्याचं लगोलग फेक्सोफेनाडिन करून टाकतं, रक्तात मूळ औषध जेमतेम सापडतं. केटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन, इतकंच काय ग्रेपफ्रूटचा रससुद्धा (ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं आणि संत्र्याचं संकरित पोर) या विकराला रोखतो. मॉडेलमध्ये सुरुवातीला एकच समीकरण पुरे : औषध आत येण्याचा वेग वजा निचऱ्याचा वेग. निचरा दहापटीने कमी करा, मिळालेली मात्रा चौथ्या पायरीत घाला, आणि पुढचं सगळं पुन्हा चालवा. सुरक्षित बाजूला असलेली पेशी कशी ओळीने ढासळते ते दिसेल.

पायरी ८ : झाकून परीक्षा

दोन औषधांवर जमलं म्हणजे मॉडेल जमलं, असं नाही. सिपाने २८ औषधं निवडली. १२ शिकण्यासाठी, १६ परीक्षेसाठी, आणि प्रत्येकाला तज्ज्ञांनी आधीच जास्त, मध्यम किंवा कमी धोक्याच्या गटात ठेवलेलं. तुम्हीही तसंच करा : बाराच्या मदतीने क्यूनेटच्या सीमारेषा ठरवा, त्या कागदावर लिहा, मगच उरलेल्या सोळांना हात लावा. परीक्षेतला निकाल पाहून सीमारेषा सरकवण्याचा मोह होतोच. तसं केलंत तर ती परीक्षा राहिली नाही, एवढं नोंदवून ठेवा.

नियामकांनी हे मनावर घेतलं आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अशा एकत्रित पुराव्याला जागा मिळाली, आणि भारतातही २०२३ च्या नियमदुरुस्तीने प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय म्हणून संगणकी मॉडेलांसारख्या पद्धतींना दार उघडलं. यकृताच्या इजेसाठीही अशी मॉडेलं आहेत, पण तिथे पित्ताम्ल, मायटोकॉन्ड्रिया आणि प्रतिकारशक्ती असे तिघे एकदम खेळात असतात. तिथून सुरुवात करणाऱ्याचा धीर सुटतो, म्हणून नवख्याला मी हृदयच सुचवते.

पुढचा सराव म्हणून डोम्पेरिडोन घ्या. उलटी-मळमळीवर आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं, बऱ्याचदा पॅन्टोप्राझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये. सिपाच्या यादीत ते मध्यम धोक्यात आहे, आणि युरोपात २०१४ साली त्याचा डोस आणि दिवस दोन्ही आखडले गेले. (हे वाचून घरातली गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) त्याचाही निचरा सीवायपी-३ए४ कडून होतो. आधी एकटं चालवा, मग निचरा कमी करून, मग पोटॅशियम ३.५ वर आणून. तिसरा प्रयोग गाळू नका, कारण हे औषध घेणारा माणूस बहुतेक वेळा आदल्या रात्रीपासून उलट्याच करत असतो.